मधला ठिपका

भाकरी थापताना कड पातळ होत जाते आणि मधे पीठ जाड राहतं. जाड राहिलं की तिथंच कच्ची.

उद्यमनगरात लेथवरचा माणूस लोखंडाचा तुकडा चकात धरतो आणि आधी त्याचं सेंटर काढतो. सेंटर केसभर सुटलं तरी तुकडा नाचायला लागतो. लांबून बघणाऱ्याला नाच दिसत नाही, आवाज मात्र ऐकू येतो.

केंद्रीयता. नाम, स्त्रीलिंगी. मध्यभागी असण्याची स्थिती. कोशात एवढंच दिलेलं असतं. कुणाच्या मध्यभागी, ते दिलेलं नसतं.

जर्मनीत एका फोनवर मराठीत लिहिलेला निरोप: बाबा, जपा. त्याच्याखाली एकच टिक, राखाडी.

मिरची ओलसर असली की वजनाला भरते आणि घरी नेल्यावर काळी पडते.

‘मध्यवर्ती बसस्थानक’ या पाटीखाली उभा असलेला प्रत्येक माणूस दुसरीकडं कुठंतरी जायच्या घाईत असतो.

“काय ओ शेठ,” आकाराम म्हणाला, “अक्काच्या मातीला दिसला न्हाईसा?”

कपिलतीर्थ मंडईत शनिवारी सकाळी असते तेवढी गर्दी होती. शशिधर मेथीच्या दोन जुड्या पिशवीत कोंबत होता आणि आकाराम त्याच्याच पायाशी मिरचीच्या पोत्याचं तोंड दुमडत बसला होता. हा आकाराम गडहिंग्लजकडचा. शशिधरचं लक्ष्मीपुरीत बारदानाचं दुकान होतं तेव्हा मिरचीसाठी रिकामी पोती त्याच्याकडूनच न्यायचा. “कोण अक्का?” असं शशिधरनं विचारलं. विचारताना त्याच्या तोंडावर हसू होतं, कारण मंडईत ओळखीचा माणूस भेटला की येतं ते हसू अजून उतरलेलं नव्हतं. “कोण म्हंजे? गौराक्का. तुमची भैन.” आकारामनं एका मिरचीचं देठ मोडलं, हुंगलं, टाकलं. “मंगळवारी झाली की माती. लई मान्सं. मी बी आलतो. म्हटलं शेठ कुटं दिसंनात, असतील गर्दीत.” तेवढ्यात कुणी बाई वाकून विचारायला लागली, मिरची कशी, आणि आकाराम तिकडं वळून ओरडला, “घ्या की मावशी, देठासकट तिखट हाय, उद्या शिव्या द्याला परत येशीला!” मग पुन्हा इकडं वळून, उत्तराची वाट बघत. आणि शशिधर म्हणाला, “व्हय. होतो की. मागच्या बाजूला होतो.” आकारामचा चेहरा मोकळा झाला. “मग बरोबर. म्हटलं तुमी न्हाई असं हुईलच कसं.”

खोटं बोलताना जीभ अडखळली नाही, हे त्याला बिंदू चौकापर्यंत चालत आल्यावर लक्षात आलं. रडू आलं नव्हतं. पहिल्यांदा जे आलं ते शरमेसारखं होतं, म्हणजे बाहेर पडल्यावर कळावं की सदरा उलटा घातलाय आणि मंडईभर सगळ्यांनी तो बघितलाय. अक्का गेली हे अजून त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. अक्का गेली आणि आपल्याला माहीत नव्हतं, एवढंच पोचलं होतं, आणि त्यातलाही दुसरा अर्धाच. तो चालत राहिला. चौकात एका दुचाकीवाल्यानं कचकन ब्रेक मारून “ओ काका, घरात सांगून आलायसा काय?” असं विचारलं, त्याला त्यानं हात वर करून माफी मागितल्यासारखं केलं. मंगळवार. मंगळवारी आपण काय करत होतो? मंगळवारी नळ गळत होता, प्लंबरची वाट बघत दिवसभर घरात बसलो होतो. फोन टेबलावर होता. बटणांचा, साधा फोन. नंबर जुनाच होता. वाजला असता तर ऐकू आला असता, वाजला नव्हता. लक्ष्मीपुरीकडं वळताना पाय आपोआप दुकानाच्या बाजूला गेले. आता तिथं दुसऱ्या कुणाचं तरी गोदाम आहे आणि शटर अर्धं ओढलेलं असतं.

दुकान होतं तेव्हा तिथं काळा फोन होता. आख्ख्या घराण्यात तेव्हा तेवढा एकच. गडहिंग्लज, निपाणी, संकेश्वर, इचलकरंजी, सगळीकडं माणसं सांडलेली होती, लग्नाकार्यात भेटायची आणि परत सांडायची. फोन आल्यावर ती कोल्हापूरला बांधली गेली. कुणाला मुलगा झाला, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला चक्कर आली, की ज्याच्या त्याच्या गावातल्या पोस्टातून किंवा डॉक्टरकडून कुणीतरी फोन लावायचं, आणि मग शशिधर पोत्यांच्या थप्पीवर बसून पुढं एकेकाच्या शेजारी किंवा पोस्टात लावून त्याला बोलवून घ्यायचा. शशीला कळवलं म्हणजे सगळ्यांना कळवलं, असं म्हणायचे. त्याची एक पद्धत होती. कुणाला आधी, कुणाला मागून, हे रुसवेफुगवे बघून त्यानं मनाशी बसवलेलं होतं. आणि वाईट बातमी असली की आधी विचारायचं, जेवण झालं काय? झालं असेल तर सांगायचं. नसेल तर म्हणायचं, जेवा, मी परत लावतो. कारण एकदा कानावर पडलं की माणूस पानावरून उठतो, आणि पुढं दोन दिवस धड जेवण नसतं. त्याच्या ‘परत लावतो’ या शब्दांचीच माणसं पुढं पुढं धास्ती घ्यायला लागली. निपाणीच्या काकूनं एकदा त्याला तोंडावर सांगितलं होतं, “तू जेवण इचारलास की माझ्या पोटात गोळा येतोय बघ, शशी. सरळ सांगत जा मुडद्या.” सगळे हसले होते. तोही हसला होता, आणि आतून त्याला बरं वाटलं होतं. इतकं बरं कशानं वाटलं हे त्यानं कधी तपासलं नाही.

आणि मरणं. मरणं तर त्याच्यापासूनच सुरू व्हायची. कारण दवाखाना कोल्हापुरात. कुणाचं जास्त झालं की जीप करून कोल्हापूरला आणायचे, शशिधरच्या घरी उतरायचे, डबे त्याच्या घरून जायचे, रात्रीची पाळी त्याची असायची. वडील त्याच्या समोर गेले. काका त्याच्या समोर गेले. गौराक्काचा नवरा पहाटे त्याचा हात धरून गेला, आणि अक्काला ते सांगायला तोच जिना उतरून खाली आला होता, ती सतरंजीवर बसली होती, त्याच्याकडं न बघताच म्हणाली, “बोलू नकोस, तम्मा. कळलं.” धाकट्या भावाला त्यांच्या घरात तम्मा म्हणत. या सगळ्या वर्षांत एकही मरण त्याला बाहेरून कळलेलं नव्हतं. तो कायम तिथं असायचा, आणि तिथून ते बाकीच्यांकडं निघायचं. स्वतःची बायको गेली तेव्हासुद्धा दवाखान्याच्या पायरीवर बसून त्यानं एकेकाला फोन लावले होते, जेवण झालं काय, असं विचारून. शशिधर किती शांत, असं माणसं नंतर म्हणाली. म्हणजे त्याला सांगायची सवयच कुणाला नव्हती. कुणाला, कधी, लागलीच नव्हती. हा विचार त्याला व्हीनस कॉर्नरला, रस्ता ओलांडायला थांबलेला असताना आला आणि तो ओलांडायचा राहिला.

खिशातून फोन काढून त्याची बोटं नंबर लावायला लागली होती. इचलकरंजीचा. चुलत बहीण बयाबाईचा. घंटा वाजायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय करतोय, पण तोवर तिनं उचलला होता. पलीकडं माग खडखडत होते. तिच्या मुलांची मागाची शेड घराला लागूनच आहे. “बया,” तो म्हणाला, “जेवण झालं काय?”

“आं? मोठ्यानं बोल, शशी!”

“गौराक्का गेली.”

खडखडाट चालू राहिला. मग ती कुठंतरी लांब, भिंतीआड गेली असावी, कारण आवाज कमी झाला. “व्हय रं,” ती म्हणाली, हळू, लहान पोराशी बोलावं तसं. “मंगळवारी आमी सगळीच होतो की मातीला. तू असं का सांगालायस?”

“असंच,” तो म्हणाला. “बरं हाय न्हवं सगळं?”

“शशी, तुझी तब्येत बरी हाय न्हवं? का जेवला न्हाईस?”

त्यानं फोन बंद केला. रस्त्यापलीकडं रिक्षावाले कुणालातरी हसत होते. केंद्रीयता, त्याला वाटलं. इतक्या भलत्या वेळी हा शब्द आठवला म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

शब्द वर्षाराणीनं आणला होता. गौराक्काचा मुलगा भीमाप्पा, त्याची ही मुलगी. विद्यापीठात शिकते, वसतिगृहात राहते, आणि बापाचा मामा म्हणून शशिधरला तीही मामाच म्हणते. गेल्या दिवाळीच्या आधी ती लॅपटॉप घेऊन आली, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली आणि म्हणाली, “मामा, आपल्या सगळ्या घराण्याचं मी चित्र काढलंय.” चित्रात माणसं नव्हती, ठिपके होते. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दोन माणसं एकमेकांशी बोलत असली की दोघांमधे रेघ. तिनं घरोघरी विचारून जमवलं होतं, कोण कुणाला फोन करतं, अडचण आली की पहिल्यांदा कुणाची आठवण होते. आणि तिनं त्याला शब्द समजावून सांगितला. केंद्रीयता म्हणजे चित्राच्या मधोमध काढलेला असणं नव्हे, मामा. ठिपका कागदावर कुठंही काढता येतो. ज्याला जास्त रेघा चिकटल्यात, त्याची केंद्रीयता एका तऱ्हेची. ज्याच्यापासून सगळे जवळ पडतात, त्याची दुसऱ्या तऱ्हेची. आणि तिसरी एक आहे. ज्याच्यावरून गेल्याशिवाय या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला भेटूच शकत नाही, अशी. तिनं आधी जुनं चित्र दाखवलं, काळ्या फोनच्या काळातलं, म्हाताऱ्या माणसांना विचारून काढलेलं. एक मोठा ठिपका आणि त्यातून निघालेल्या रेघाच रेघा. “हे तुमी,” वर्षाराणी म्हणाली. तो पुढं वाकून बघत राहिला. स्वतःचा फोटो बघतानाही त्याला कधी इतकं निरखून बघावंसं वाटलं नव्हतं. मग त्यानं विचारलं, आणि हे विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला पुढं कितीदा वाटलं, “आणि मधला ठिपका काढला तर?” तिनं एक बटण दाबलं. चित्र फुटलं. निपाणी एकीकडं गेली, इचलकरंजी दुसरीकडं, काही ठिपके तर एकटेच काठाला जाऊन बसले. त्याला हसू आलं, पोटातून. “आणि आत्ताचं?” आत्ताच्या चित्रात रेघांचं जाळं इतकं दाट होतं की त्याला स्वतःला शोधावं लागलं, वर्षाराणीनं बोट ठेवून दाखवलं. “काढ,” तो म्हणाला. “असू दे मामा.” “काढ गं.” तिनं बटण दाबलं. चित्र किंचित हललं, पाण्यावरून वारा जावा इतकं, आणि परत होतं तसं झालं.

ती गेल्यावर त्यानं दोन भाकरी केल्या. दोन्ही मधे कच्च्या राहिल्या.

नंतर फोन बादलीत पडला. हे मुद्दाम नव्हतं. कपडे भिजत घालताना वरच्या खिशातून घसरला आणि साबणाच्या पाण्यात बुडबुडे सोडत तळाला गेला, एवढंच. पण दुकानदार म्हणाला, “काका, नवा घ्या, जुनं सगळं त्यात आणून देतो, तुमचे ग्रुप, फोटो, सगळं,” तेव्हा शशिधरनं बटणांचा साधा फोन मागितला. हे मुद्दाम होतं. घराण्याचा ग्रुप त्यानंच केलेला होता. रोज सकाळी पहिला सुप्रभात त्याचा असायचा, वाढदिवस त्याच्या लक्षात असायचे, आजाऱ्याची चौकशी तो करायचा, आणि खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागायची. त्यानं ठरवलं, आपण गप्प बसायचं. कुणाला तरी वाटेल, मामांचा सुप्रभात आला नाही. कुणीतरी फोन लावेल. जो लावेल त्याला सांगू, अरे फोन बिघडलाय, आणि मग नवा घेऊ. असं ठरवून तो सुरुवातीला गमतीनं वाट बघत होता, मग चिडून, मग नुसताच. एक महिना गेला असेल, जास्तही. वीरेशचा, त्याच्या मुलाचा, जर्मनीहून रविवारी फोन यायचा, पण तो साधा यायचा आणि त्यात हवामान असायचं. ग्रुपवर बाबा नाहीत हे वीरेशच्याही लक्षात आलं नव्हतं. अक्काचा स्वतःचा फोन नव्हता. ती सुनेच्या फोनवरून अधूनमधून बोलायची, आणि मागच्या वेळी त्याच्या भाकरीवरून दम लागेपर्यंत हसली होती. “मधी दाब रे, मधी. कडंलाच काय चापटतोस?” तेव्हा त्याला सांगावंसं वाटलं होतं की अक्का, मी एक परीक्षा लावून बसलोय. पण सांगितलं असतं तर ती भीमाप्पाला म्हणाली असती, आणि भीमाप्पा ग्रुपवर, आणि परीक्षा फुटली असती. म्हणून नाही सांगितलं. आता बसस्थानकाच्या बाकावर मेथीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला असताना त्याला हे असं दिसलं: वीरेशनं ‘बाबा, जपा’ असं पाठवलं असणार. भीमाप्पानं ग्रुपवर टाकलं असणार. सगळ्यांनी हात जोडलेले असणार. आणि आपण उत्तर दिलं नाही हे बघून प्रत्येकानं मनाशी म्हटलं असणार, मामांना फार लागलंय, त्यांना त्रास नको.

गडहिंग्लजची गाडी लागली. तो खिडकीशी बसला. शेजारी एक म्हातारा, धोतर, टोपी, मांडीवर औषधांची पिशवी. “कुटं, पावणं?” “गडहिंग्लज.” “पावण्याकडं?” “भैनीकडं.” “बरं हाय,” म्हातारा म्हणाला, “भैन हाय तवर माणसानं जावावं,” आणि डोळे मिटून झोपला. कागलपर्यंत शशिधर अक्का मेलेली आहे अशी कल्पना करायचा प्रयत्न करत होता. जमेना. ती सारखी बोलत होती. तिचं तोंड मिटवून बघितलं तर ती डोळ्यांनी हसायची. लहानपणी नदीवर तिनं त्याला पोहायला शिकवताना मधल्या धारेत नेऊन सोडलं होतं, आणि तो हातपाय झाडत ओरडला तेव्हा काठावरून म्हणाली होती, “वरडू नकोस, मी बघालोय,” पुरुषासारखं, मुद्दाम, त्याला हसवायला. निपाणीच्या आधी फोन थरथरला. त्यानं घाईनं काढला. कर्नाटकात आपलं स्वागत आहे, असा कंपनीचा निरोप होता. संकेश्वर आलं, हद्द परत ओलांडली, आणि महाराष्ट्रात स्वागत करणारा दुसरा निरोप आला. एका दिवसात दोन स्वागतं. मेथी सुकायला लागली होती.

दारात चपलांचा ढीग नव्हता, म्हणजे माणसं पांगली होती. सोप्यात भीमाप्पा भिंतीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे. त्यानं मान वर केली. मग म्हणाला, “आलासा? या.” आतून त्याची बायको पवित्रा पाणी घेऊन आली, तिनं मामाच्या हातातली पिशवी बघितली, काही न विचारता घेतली, आणि तिथंच उंबऱ्यापाशी बसून मेथी निवडायला लागली. तिच्याशेजारी वर्षाराणी येऊन बसली.

“मामा,” भीमाप्पा म्हणाला, “यवडं काय चुकलं आमचं? सांगा तरी. भांडाण असंल तर माज्याशी, अव्वाशी, तुमच्या सख्ख्या भैनीशी, काय हुतं?”

“मला कुणी सांगितलंच न्हाय, भीमा.”

“काय सांगितलं न्हाय?”

“अक्का गेल्याली. आज सकाळी मंडईत कळलं.”

भीमाप्पानं बायकोकडं बघितलं. “तुमास्नी?” तो म्हणाला. “तुमास्नी सांगितलं न्हाय? मामा, आमास्नी आजपतूर सगळं तुमीच सांगत आलाय की. आणि ग्रुपवर टाकलं की मी, सगळ्यात पयलं.”

“माझा मोठा फोन बिघडलाय, ग्रुप दिसत न्हाय.”

“कवापासनं?”

“झाला असंल म्हयना.”

“पवित्रा, तू मामास्नी फोन लावला न्हवतास?”

“मी कशाला लावू? मला वाटलं तुमी लावलासा. तुमीच म्हटलासा न्हवं, कोल्हापूरला कळलंय म्हणून?”

“मी म्हटलं, कारण इचलकरंजीची सकाळीच दारात आली. त्यास्नी मामाबिगर कोण सांगणार?”

“त्यांनी ग्रुपवर वाचलं, अप्पा,” वर्षाराणी म्हणाली.

मेथीची एक काडी मोडल्याचा आवाज आला. आणि मग पवित्राला हसू फुटलं. तिनं पदर तोंडावर धरला, खांदे हलत होते, आणि हसता हसताच ती रडायला लागली. “ह्ये बघा,” भीमाप्पा म्हणाला, हसू आणि राग त्याच्या तोंडावर एकमेकांना जागा देईनात. “सगळ्या जगाला आवतान आणि नवरदेव घरात.” मग त्याचं तोंड परत घट्ट झालं. “पण मामा, एक म्हयना ग्रुप दिसंना आणि तुमी एकदाबी आपणहून फोन लावला न्हाईसा? अव्वा शेवटाला इचारत हुती. तम्मा कसा हाय म्हणून. आमी म्हटलं, असंल बरा, सगळ्यांचे नंबर हायत की त्येंच्याकडं.” त्याला पटलंय की नाही हे कळेना. बहुतेक अर्धंच पटलं होतं. राहिलेलं अर्धं आता कधीच पटणार नाही, आणि पुढं लग्नाकार्यात कुठंतरी ते निघेल, हेही शशिधरला दिसत होतं. अशा गोष्टी कुठल्या वाटेनं कुठं पोचतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

वर्षाराणी त्याच्यासोबत रस्त्यापर्यंत आली. रुद्रभूमी, म्हणजे त्यांची दफनभूमी, गावाबाहेर, चालत जाण्याइतकी. “मी येऊ?” “नको.” ती तरी चार घरं चालली. मग म्हणाली, “मामा, त्या चित्रात माझी एक चूक होती. सरांनी पण दाखवली. मी नुसत्या रेघा काढल्या. बाण काढायला पाहिजे होते. बोलणं कुठनं निघतं आणि कुणाकडं जातं, त्याचे.” तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. “निरोप यायचे तेही पुढं धाडायला, तुमच्या सगळ्या रेघांचे बाण शेवटी तुमच्याकडनं बाहेर जाणारे होते. जुन्या चित्रात पण. तुमच्यासाठीच आत येणारा मी शोधला, पण… आजीचा होता. एक. ती तुमची चौकशी करायची.” शशिधरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो एकटा पुढं गेला.

रुद्रभूमीत उन्हानं माती पांढरी पडली होती. अक्काची जागा शोधावी लागली नाही. ताजा ढिगारा तेवढा एकच होता. बेलाची पानं वाळून गुंडाळली होती, विभूतीचा थर वाऱ्यानं एका बाजूला गेला होता. तो चप्पल काढून खाली बसला. त्यांच्यात माणसाला पुरताना आडवं निजवत नाहीत. मांडी घालून बसवतात, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवतात, आणि तसंच बसलेलं मातीनं झाकतात. म्हणजे अक्का खाली बसलेली होती. या क्षणी, त्याच्यापासून हातभर अंतरावर, तीही मांडी घालून बसलेली होती, डोळे मिटून, हातात आपलं दैवत घेऊन, जे तिनं जन्मभर गळ्यात बाळगलं होतं आणि ज्याच्यासाठी तिला कधी कुठं जावं लागलं नव्हतं. तो बसला होता तसाच बसून राहिला आणि मग त्याला ते सुचलं. तिचं तोंड कुणीकडं आहे? तो उठला, ढिगाऱ्याभोवती फिरला. चारी बाजूंनी माती सारखीच होती. वडिलांच्या वेळी त्यानं स्वतः खड्ड्यात उतरून त्यांना बसवलं होतं. काकांच्या वेळी, अक्काच्या नवऱ्याच्या वेळी, दिशा त्यानंच दाखवली होती, विधी करणाऱ्या स्वामींना विचारून. कुणाचं तोंड कुणीकडं आहे हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. पण एकेका स्वामींची रीत वेगळी, जागेचा उतार वेगळा, आणि इथं तो नव्हता. आपण तिच्या समोर बसलोय की पाठीमागं? तिच्या पाठीशी बसून आपण इतका वेळ तिच्याशी मनात बोलत होतो काय?

आणि तेव्हा आलं. मंडईपासून मागं राहिलेलं सगळं एकदम आलं, तोंडातून, नाकातून, आवाजासकट, आणि रुद्रभूमीच्या कुंपणापलीकडं गवत कापणारी एक बाई कंबर ताठ करून बघायला लागली.

जरा वेळानं त्यानं फोन काढला. भीमाप्पाचा नंबर त्याला पाठ होता, तरी दोनदा चुकला. पलीकडं उचलल्यावर त्याला जेवणाचं विचारायचं सुचलं नाही.

“भीमा,” तो म्हणाला, “मला एक सांगशील काय?”

“काय, मामा?”

“अक्काचं तोंड कुणीकडं हाय?”

पवित्रा मागं काहीतरी विचारत होती, त्यानं तिला गप्प केलं असावं.

“तुमी तितंच बसा,” तो म्हणाला. “हलू नगा. मी येतोय.”

मंगळवारी सकाळी अकराला न्यायचं ठरलं होतं. कोल्हापूरची गाडी आली की मामा उतरले काय हे कुणीतरी स्टँडवर जाऊन बघून यायचं, वाटेत असतील म्हणायचं, आणि ऊन कलेपर्यंत गौराक्काला सोप्यात, दाराकडं तोंड करून, बसवून ठेवलं होतं.